टीएमसी ते फेम्टोलिटर, व्हाया मिरज

जुलै संपत आला की कोल्हापुरात सकाळचा पहिला प्रश्न चहाचा नसतो, पाण्याचा असतो. पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्याला किती फूट? राधानगरी धरणाचे दरवाजे किती उघडले? मच्छिंद्री झाली का, म्हणजे पाणी पुलाजवळच्या पुराच्या जुन्या खुणेला लागलं का? अशाच एका सकाळी मी स्वयंपाकघरात आईचं इन्सुलिन भरत होतो. शेजारी मोबाइलवर मेसेज येऊन पडत होते, ‘राधानगरीचा आणखी एक स्वयंचलित दरवाजा उघडला, १४२८ क्युसेक विसर्ग.’ टेबलावर आईच्या रक्ताचा रिपोर्ट होता आणि त्यातल्या एका ओळीत एकक छापलं होतं फेम्टोलिटर. हातातल्या सिरिंजवर बारीक रेघा होत्या, त्या युनिटच्या.

धरण, सिरिंज आणि रक्ताची पेशी. तिन्हीकडे मोजलेली गोष्ट एकच, घनफळ. म्हणजे एखाद्या वस्तूने किती जागा अडवली. पण धरणाचं पाणी टीएमसीत मोजणारा माणूस फेम्टोलिटर ऐकून दचकतो आणि लॅबवाल्याला टीएमसी विचारलं की तो गप्प बसतो. मी गणिताच्या शिकवण्या घेतो, त्यामुळे पावसाळ्यात गल्लीतले लोक हमखास विचारतात, ‘सर, एक टीएमसी म्हणजे नेमकं किती हो?’ आकडा सांगितला की मान डोलावतात आणि पुढच्या वर्षी परत विचारतात. त्यात त्यांची चूक नाही. नुसता आकडा डोक्यात राहत नाही. तो कुठून आला ते कळलं तर राहतो.

सगळा घोटाळा तीन दिशांचा

१ मीटर म्हणजे १०० सेंटिमीटर, हे आपलं तिसरी-चौथीपासून पाठ असतं. मग १ घनमीटर म्हणजे किती घनसेंटिमीटर, असं विचारलं की हात आपोआप १०० लिहून मोकळा होतो. वर्गात दरवर्षी कुणी ना कुणी लिहितंच. फळ्यावर एकदा मीही लिहिलंय, आणि मागच्या बाकावरच्या पोराने ते दाखवून दिलं.

एक खोका घ्या. मीटरभर लांब, मीटरभर रुंद, मीटरभर उंच. त्यात बरोबर एक सेंटिमीटर बाजूचे ठोकळे रचायचे, साधारण सापशिडीच्या फाशाएवढे. तळाच्या एका कडेला १०० ठोकळे बसतात. अशा १०० रांगा लावल्या की तळाचा एक थर होतो, त्यात १०,००० ठोकळे. आणि खोका वरपर्यंत भरायला असे १०० थर लागतात. झाले १० लाख. सेकंदाला एक या हिशेबाने, जेवणखाण आणि झोप सोडून ठोकळे टाकत बसलात तर साडेअकरा दिवस लागतील.

लांबीत शंभराचा फरक असला तर घनफळात तो शंभर गुणिले शंभर गुणिले शंभर होतो. लांबीतला दहाचा फरक घनफळात हजाराचा, आणि हजाराचा फरक शंभर कोटींचा. बाकी सगळं यातूनच निघतं.

यातच एक चोरखड्डा आहे. मिलिलिटर म्हणजे लिटरचा हजारावा भाग, हे सरळ आहे. घनमिलिमीटर मात्र घनमीटरचा हजारावा भाग नव्हे. तो शंभर कोटीवा भाग. कारण ‘घन’ हा शब्द नुसत्या ‘मीटर’ला चिकटलेला नसतो, तो अख्ख्या ‘मिलिमीटर’ला चिकटलेला असतो. आधी लांबी मिलिमीटर करायची आणि मग तिचा घन करायचा. घनकिलोमीटरचंही तसंच. तो हजार घनमीटर नव्हे, शंभर कोटी घनमीटर. थोडक्यात, लिटरपुढे लागलेला मिलि, मायक्रो, किलो जेवढा दिसतो तेवढाच असतो. मीटरपुढे लागलेल्याचा घन होतो. चांगली शिकलेली माणसंही इथेच घसरतात.

मिरजेला गाडी बदला

कोल्हापूरला रेल्वेचे रूळ संपतात. मुंबईला जायचं असो की तिरुपतीला, मिरजेवरून गेल्याशिवाय सुटका नाही. घनफळाच्या हिशेबातलं मिरज म्हणजे लिटर. टीएमसीवरून मायक्रोलिटरला जायचं आहे? थेट गाडी शोधू नका. आधी टीएमसीचे लिटर करा, लिटरला उतरा, मग पुढची गाडी धरा. दोन सोपे प्रवास एका अवघड प्रवासापेक्षा बरे, शिवाय चूक झाली तर ती कोणत्या टप्प्यात झाली ते लगेच सापडतं.

लिटर म्हणजे दहा सेंटिमीटर बाजूचा घन. त्याच्या वरच्या अंगाला १ घनमीटर म्हणजे १००० लिटर, छतावरची ती काळी टाकी. खालच्या अंगाला १ घनसेंटिमीटर म्हणजे १ मिलिलिटर. यालाच मेडिकलमध्ये आणि गॅरेजमध्ये सीसी म्हणतात. शंभर सीसीच्या मोटारसायकलीत पिस्टन वरखाली होताना जेवढी जागा झाडून काढतो ती शंभर मिलिलिटर, लहान कपभर चहाएवढी. आणखी खाली आलं की १ घनमिलिमीटर म्हणजे १ मायक्रोलिटर, लिटरचा दहा लाखावा भाग.

लिटरही नेहमी इतका सरळ नव्हता. १९०१ साली त्याची व्याख्या एक किलो पाण्याने व्यापलेली जागा अशी केली गेली. पण तो किलो आणि दहा सेंटिमीटरचा घन तंतोतंत जुळेना. दशलक्षात अठ्ठावीस भागांचा फरक निघाला. दूध मापताना याने कुणाचं काही बिघडलं नाही, प्रयोगशाळावाल्यांचं बिघडलं. शेवटी १९६४ मध्ये ती व्याख्या मोडीत काढून लिटर म्हणजे बरोबर १००० घनसेंटिमीटर असं ठरलं.

मीटरच्या घरातलं हे सगळं शून्यांवर चालतं. फुटाच्या घरात तसं नाही. फूट म्हणजे ०.३०४८ मीटर. त्याचा घन केला की १ घनफूट म्हणजे २८.३ लिटर येतं, लग्नकार्यात येतो त्या वीस लिटरच्या जारने मोजलं तर दीड जारला जरा कमी. २८.३ हा एकच वेडावाकडा आकडा पाठ करा, धरणापासून वाळूपर्यंत सगळीकडे तोच पुरतो.

वाळू म्हटलं म्हणून ब्रासची गोष्ट. घराच्या मागे एक खोली वाढवायची होती. जोत्यात मुरूम भरायचा होता, वीस फूट लांब, पंधरा फूट रुंद, तीन फूट खोल. मी कागदावर सगळं मीटरमध्ये करून साडेपंचवीस घनमीटर असा आकडा काढला आणि मिस्त्रींना दाखवला. त्यांनी कागदाकडे बघितलंही नाही. ‘सर, मीटर-बिटर ऱ्हाऊ दे. वीस पंधरं तीनशे, तीन त्रिक नऊ. नऊ ब्रास. धुम्मस मारल्यावर बसतंय ते, अकरा सांगा.’

ब्रास म्हणजे १०० घनफूट. वीस गुणिले पंधरा गुणिले तीन, ९०० घनफूट, ९ ब्रास. माझे साडेपंचवीस घनमीटर मिरजेवरून नेले तर २५,५०० लिटर होतात आणि एका ब्रासचे लिटर २८३२. भागाकार नऊच येतो. मिस्त्रींचं उत्तर तोंडी आणि माझं कागदी, उत्तर एकच. वरचे दोन ब्रास मात्र माझ्या कागदावर कुठेच नव्हते. मुरूम सैल असताना जी जागा अडवतो ती ठोकल्यावर अडवत नाही. घनफळ मोजताना माल कोणत्या अवस्थेत आहे ते आधी विचारायचं, हे मला त्या दिवशी कळलं. फरशीवाल्याचा ब्रास मात्र वेगळा, तो १०० चौरस फुटांचा. शब्द तोच, पण त्याला उंची नाही.

एक कोटी ब्रास

आता टीएमसी. हजार दशलक्ष घनफूट, म्हणजेच १०० कोटी घनफूट, म्हणजेच एक अब्ज घनफूट. जलसंपदा खात्याच्या कागदावर कधी ‘अघफू’ दिसतं, ते अब्ज घनफूट, म्हणजे टीएमसीच. ‘दलघफू’ दिसलं तर दशलक्ष घनफूट, टीएमसीचा हजारावा भाग. आणि ‘दलघमी’ म्हणजे दशलक्ष घनमीटर. शेवटचं अक्षर फू आहे की मी, एवढं डोळ्यांत तेल घालून बघायचं, कारण दोन्हींत पस्तीस पटींचा फरक आहे.

एक टीएमसीला मिरजेला उतरवू. १०० कोटी घनफूट गुणिले २८.३२ लिटर, म्हणजे २८३२ कोटी लिटर. घनमीटरमध्ये २ कोटी ८३ लाख, म्हणजे २८.३ दलघमी. आणि आपल्या ओळखीच्या मापात सांगायचं तर ब्रास १०० घनफुटांचा, म्हणून एक टीएमसी म्हणजे बरोबर एक कोटी ब्रास. मुरमाच्या एक कोटी ट्रॉल्या. गल्लीतल्या ज्यांनी घर बांधलंय त्यांना मी हल्ली हेच उत्तर देतो आणि ते दुसऱ्या वर्षी परत विचारत नाहीत.

शाहू महाराजांनी काम सुरू केलेल्या राधानगरी धरणाची क्षमता साधारण ८.३६ टीएमसी. म्हणजे सुमारे २३,६७० कोटी लिटर. २०११ च्या जनगणनेत कोल्हापूर जिल्ह्याची लोकसंख्या ३८ लाख ७६ हजार होती. वाटणी केली तर तान्ह्या बाळापासून म्हाताऱ्यापर्यंत प्रत्येकाच्या वाट्याला ६१,००० लिटर, छतावरच्या एकसष्ट टाक्या. अर्थात ते पाणी असं वाटत नाहीत, त्यातलं बरंचसं उसाला जातं. दूधगंगेवरचं काळम्मावाडी याच्या तिप्पट, २५.३९ टीएमसी. आणि पुराच्या दिवसांत ज्याचं नाव निघतं ते कर्नाटकातलं आलमट्टी १२३ टीएमसी. ते घनकिलोमीटरमध्ये मांडलं तर साडेतीनसुद्धा भरत नाही. एक घनकिलोमीटर म्हणजे पस्तीस टीएमसी. साडेतीन हा आकडा किती छोटा वाटतो बघा. एकक मोठं घेतलं की धरण लहान दिसतं.

क्युसेक हे घनफळच नव्हे, हे मात्र ठासून सांगायला हवं. दर सेकंदाला एक घनफूट, म्हणजे तो वेग झाला. ‘दहा हजार क्युसेक पाणी सोडलं’ या वाक्याला अर्थ तेव्हाच येतो जेव्हा किती वेळ सोडलं ते कळतं. ‘गाडी साठच्या स्पीडने गेली’ म्हटल्यावर ती कागलला पोचली की निपाणीला, ते कळत नाही, तसंच.

राधानगरीच्या एका स्वयंचलित दरवाजातून १४२८ क्युसेक. लिटरमध्ये सेकंदाला ४०,४०० च्या वर, म्हणजे दहा हजार लिटरचे चार टँकर दर सेकंदाला. दिवसाचे सेकंद ८६,४००. गुणाकार केला की एका दरवाजाचं एका दिवसाचं पाणी ०.१२३ टीएमसी. एक टीएमसी व्हायला त्या एका दरवाजाला आठ दिवस लागतात. सातही दरवाजे उघडले की जवळजवळ दहा हजार क्युसेक होतात आणि दिवसाला ०.८६ टीएमसी निघून जातं. पाठ करायचाच असेल तर एक आकडा पुरेसा आहे, ११,५७४ क्युसेक दिवसभर वाहिले की एक टीएमसी. मघाशी खोक्यात ठोकळे टाकायला साडेअकरा दिवस लागले होते, आठवतंय? तोच आकडा हजारपट होऊन आलाय. दोन्हीकडे भागाकार ८६,४०० नेच केलाय.

आता आलमट्टीचं १२३ आणि दरवाजाचं ०.१२३ शेजारी ठेवा. राधानगरीच्या एकाच दरवाजाने आलमट्टी भरायचं ठरवलं तर हजार दिवस लागतील. हा नुसता योगायोग, पण पट्टीसारखा कामाला येतो.

फुटांचंही असंच. राजाराम बंधाऱ्यावर ३९ फूट म्हणजे इशारा पातळी, ४३ फूट म्हणजे धोका पातळी. ही पाण्याची उंची आहे, घनफळ नव्हे. नदी पात्रात असते तेव्हा फूटभर चढायला तिला थोडं पाणी पुरतं, कारण जागाच अरुंद असते. पात्राबाहेर पडून शेतांत पसरली की तोच एक फूट चढायला कितीतरी पट पाणी लागतं. म्हणून पंचगंगा पहिल्यांदा भराभर फुटांनी चढते आणि नंतर इंचाइंचाने सरकते. लोकांना वाटतं पूर मंदावला. प्रत्यक्षात तेवढंच पाणी येत असतं, फक्त आडवं पसरत असतं. आणि उतरतानाही ते तसंच इंचाइंचाने उतरतं. २०१९ च्या ऑगस्टमध्ये पातळी ५५ फुटांच्या वर गेली होती. त्या वरच्या फुटांमध्ये किती पाणी मावलं होतं ते कल्पनेनेच बघा.

पावसाचा मिलिमीटर हीसुद्धा उंचीच, पण तिचं घनफळ करणं फार सोपं आहे. एक चौरस मीटरवर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एक लिटर. गुंठा म्हणजे १०१ चौरस मीटर. म्हणून गुंठ्याला मिलिमीटरमागे शंभर लिटर धरायचे, वरचा एक लिटर कावळ्या-चिमण्यांना. गगनबावड्याला एका दिवसात १०० मिलिमीटर पडला तर तिथल्या प्रत्येक गुंठ्यावर दहा हजार लिटरचा एकेक टँकर ओतला गेला. असा पाऊस २८३ चौरस किलोमीटरवर झाला आणि त्यातला थेंबही जिरला नाही असं धरलं, तर एक टीएमसी होतो.

शेर, मापटं आणि खाली

आजीच्या फडताळात पितळी मापं होती. दोन निळवी एक कोळवं, दोन कोळवी एक चिपटं, दोन चिपटी एक मापटं, दोन मापटी एक शेर, चार शेर एक पायली, सोळा पायल्या एक मण, वीस मण एक खंडी. गावागणिक थोडा फरक, कुठे मण बारा पायल्यांचा. हीसुद्धा घनफळाचीच मापं. धान्य तोलायचं नाही, भरायचं. आणि भरताना शीग लावायची की काठोकाठ पुसायचं, यावरून भांडणं व्हायची. संताप ‘शिगेला पोचतो’ ती हीच शीग, मापाच्या काठावर उभी राहिलेली रास.

निळव्यापासून खंडीपर्यंत हिशेब केला तर २०,४८० पट भरते. एवढ्यात अख्ख्या गावाचा व्यवहार मावत होता, कारण मुठीपेक्षा लहान आणि कणगीपेक्षा मोठं काही मोजायची वेळच यायची नाही. आता एकाच घरात सकाळी धरणही येतं आणि रक्ताची पेशीही.

खालच्या बाजूला पहिली पायरी थेंब. सलाइनच्या नेहमीच्या नळीतून २० थेंब पडले की एक मिलिलिटर. म्हणजे थेंब ५० मायक्रोलिटरचा. लहान मुलांना लावतात त्या बारीक नळीला ६० थेंब लागतात. नळी बदलली की थेंबही बदलला, म्हणून थेंब हे माप नळीचं नाव सांगितल्याशिवाय खरं नाही.

हे मला उशिरा कळलं, इन्सुलिनच्या वेळी. आईची बाटली होती ‘४० युनिट प्रति मिलिलिटर’ची. एकदा सिरिंजा संपल्या म्हणून मेडिकलमधून नवीन आणल्या. लाल टोपणाऐवजी नारिंगी टोपण होतं. मला वाटलं कंपनी बदलली असेल. तीन दिवस मी त्यात वीसच्या रेघेपर्यंत भरून देत होतो. चौथ्या दिवशी आईच म्हणाली, ‘आरं, हे कमी का दिसतंय रं? आधी अर्ध्याच्या जवळ यायचं की औषध.’ तिची साखरही चढलेली होती.

युनिट हे घनफळ नाहीच, ते औषधाच्या ताकदीचं माप. ४० च्या बाटलीत ४० युनिट एका मिलिलिटरमध्ये असतात, म्हणून १ युनिट म्हणजे २५ मायक्रोलिटर आणि २० युनिट म्हणजे अर्धा मिलिलिटर. लाल टोपणाची सिरिंज याच हिशेबाने आखलेली असते. नारिंगी टोपणाची सिरिंज १०० च्या बाटलीसाठी. तिच्यावरची वीसची रेघ ०.२ मिलिलिटरवर येते. आईच्या बाटलीतलं ०.२ मिलिलिटर म्हणजे फक्त ८ युनिट. वीसच्या जागी आठ. उलट झालं असतं, म्हणजे १०० ची बाटली आणि लाल टोपणाची सिरिंज, तर वीसच्या रेघेला ५० युनिट गेले असते, आणि ते जीवावर बेतलं असतं. तेव्हापासून बाटलीवरचा आकडा आणि सिरिंजवरचा आकडा शेजारी धरून वाचल्याशिवाय मी टोपण काढत नाही. चूक देणाऱ्याची होती तशी घेणाऱ्याचीही होती. मी गणित शिकवतो.

लिटरवरून दोन्हीकडे जाता येतं ते बघायचं असेल तर हे करून बघा. राधानगरीच्या एका दरवाजातून सेकंदाला ४०,४३६ लिटर. मायक्रोलिटर करायला सहा शून्यं लावली की ४०४३.६ कोटी. त्याला २५ ने भागलं की जवळजवळ १६२ कोटी. आईच्या सिरिंजमधल्या एका युनिटएवढे १६२ कोटी घोट एका सेकंदात.

मायक्रोलिटर रक्ताच्या रिपोर्टमध्येही भेटतो. पावसाळ्यात डेंग्यूचे दिवस आले की शेजारपाजारी सगळे प्लेटलेटचे आकडे बोलायला लागतात. शेजारच्या काकू एकदा रडवेल्या होऊन आल्या. मुलाच्या प्लेटलेट काल १ लाख ८० हजार होत्या आणि आज दुसऱ्या लॅबने १८० लिहिलं होतं. त्या रिपोर्टवर आकड्यापुढे बारीक अक्षरात ‘१० चा नववा घात प्रति लिटर’ असं एकक होतं. पहिल्या लॅबने एका मायक्रोलिटरमधल्या मोजल्या होत्या. लिटरमध्ये दहा लाख मायक्रोलिटर, म्हणून १ लाख ८० हजाराला सहा शून्यं लावा. १८ वर दहा शून्यं होतात. १८० अब्ज लिहा किंवा १ लाख ८० हजार लिहा, रक्त तेच. कुठे ‘घनमिलिमीटर’ छापलेलं असतं, तेही मायक्रोलिटरच.

आणि शेवटी तो फेम्टोलिटर. मायक्रोच्या खाली नॅनो, मग पिको, मग फेम्टो, दरवेळी हजाराने लहान. लिटरचे तुकडे करत तीन पायऱ्या उतरल्या. पण लांबीत बघितलं तर एकच पायरी आहे. घनमिलिमीटर म्हणजे मायक्रोलिटर आणि घनमायक्रोमीटर म्हणजे फेम्टोलिटर. मिलिमीटरवरून मायक्रोमीटरला उतरताना हजाराची एक उडी, घनफळात तीच उडी तीनदा. तोच मघाचा खोका, फक्त खाली तोंड करून.

लाल पेशीचं सरासरी आकारमान रिपोर्टमध्ये एमसीव्ही या नावाने येतं, साधारण ८० ते १०० फेम्टोलिटर. आता याच कागदावर एक गंमत करून बघता येते. समजा एका मायक्रोलिटर रक्तात ५० लाख लाल पेशी आहेत आणि प्रत्येकी ९० फेम्टोलिटरची. ५० लाख गुणिले ९०, म्हणजे ४५ कोटी फेम्टोलिटर. एका मायक्रोलिटरमध्ये १०० कोटी फेम्टोलिटर असतात. म्हणजे रक्तातली ४५ टक्के जागा लाल पेशींनी अडवली. रिपोर्टमध्ये पीसीव्ही नावाची ओळ शोधा, तिथे ४५ च्या आसपास आकडा दिसेल. आईच्या रिपोर्टवर मी हा गुणाकार पेन्सिलीने केला होता आणि जुळल्यावर उगाचच बरं वाटलं होतं.

ताळा

आकडे इतके मोठे झाले की चूक डोळ्यांना दिसत नाही. दोन शून्यं गळाली तरी वाक्य तसंच भारदस्त वाटतं. म्हणून उत्तर ओळखीच्या वस्तूला टेकवून बघायचं, जुन्या मास्तरांच्या भाषेत ताळा करायचा.

त्याच पावसाळ्यात आमच्या गल्लीच्या ग्रुपवर एक मेसेज फिरला, ‘माहिती असू द्या, १ टीएमसी म्हणजे २८ कोटी लिटर.’ खाली बरेच अंगठे. मी ताळा करून टाकला. २८ कोटी खरं मानलं तर राधानगरीत एकूण २३४ कोटी लिटर पाणी. एका दरवाजातून सेकंदाला चाळीस हजार लिटर जातं. भागाकार केला तर एकच दरवाजा उघडून अख्खं धरण सोळा तासांत कोरडं पडायला हवं. दरवाजे तर चार दिवस उघडे होते आणि धरण भरलेलंच होतं. दोन शून्यं कमी पडली आहेत, २८३२ कोटी हवं, असं लिहिलं. वर ब्रासचा हिशेबही जोडला.

दोन मिनिटांत ज्याने मेसेज टाकला होता त्याचं उत्तर आलं, ‘भारी सर.’ आणि दुसऱ्या दिवशी सकाळी सहाला त्यानेच तोच २८ कोटीवाला मेसेज परत टाकला, आता खाली शुभ सकाळ जोडून.